वार, माधुकरी आणि बोर्डिंग : परगावी शिकायला गेलेल्यांचे पहिले वर्ष

१/ जून-जुलैत महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या शहरांत वळकट्या आणि ट्रंका घेऊन मुले उतरतात. त्यांचा पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा नसतो. राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे, हा असतो. आजचा हा धागा त्याच प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. महाराष्ट्रात कोण पदवीधर झाला आणि कोण होऊ शकला नाही, याचे उत्तर गुणपत्रिकेत जितके सापडते, तितकेच ते जेवणाच्या पाटावर सापडते.

२/ आरंभ मुंबई विद्यापीठापासून करू. १८ जुलै १८५७ रोजी ते स्थापन झाले आणि त्याची घडण लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. म्हणजे हे विद्यापीठ शिकवत नसे; महाविद्यालये संलग्न करून घेई, परीक्षा घेई, पदव्या देई. विद्यार्थी कोठे राहतो, काय खातो, आजारी पडला तर त्याला कोण पाहते, हे विद्यापीठाच्या कक्षेत येतच नव्हते. १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा झाली आणि १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या दोघांचे यश आपल्याला पाठ आहे. त्यांच्या मागे परगावच्या मुलांची जी रीघ लागली, तिच्या पोटापाण्याचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेला नाही.

३/ महाविद्यालये होती तरी किती? मुंबईत एल्फिन्स्टन आणि विल्सन, पुण्यात डेक्कन कॉलेज. फर्ग्युसन निघाले ते १८८५ साली. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, सोलापूरचा, वऱ्हाडचा मुलगा शिकायचा म्हटला की त्याला घर सोडणे भाग होते. कोकणातून मुंबईला गलबताने किंवा आगबोटीने जायचे, देशावर यायचे तर घाट चढून पायी. धोंडो केशव कर्वे १८७५ साली इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला कुंभार्ली घाटाच्या वाटेने चालत गेले. तेथे पोहोचल्यावर परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. आल्या वाटेने परत जावे लागले. याच कर्व्यांनी पुढे मुंबईत शिकवण्या करून आपले शिक्षण रेटले आणि १८८४ साली ते गणित विषय घेऊन बी. ए. झाले.

४/ आता ‘वार’ म्हणजे काय ते पाहू, कारण आजच्या पिढीला हा शब्द आठवड्याच्या दिवसापुरताच उरला आहे. गावातील सात ओळखीची, किंवा ओळखीच्यांच्या ओळखीची, घरे गाठायची. सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी लेल्यांकडे, बुधवारी आणखी कोणाकडे, असे आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवण ठरवायचे. याला ‘वार लावून जेवणे’ म्हणत. सातही वार लागले तर विद्यार्थी भाग्यवान. पाच लागले तर दोन दिवस चणे-कुरमुरे, नाहीतर नुसते पाणी. एखाद्या घरी सोयर-सुतक आले, यजमानांची बदली झाली, घरात बाळंतपण निघाले की तो वार तुटला. मग नवे घर शोधत हिंडायचे. परीक्षेच्या महिन्यातही तसेच.

५/ ‘माधुकरी’ याहून जुनी. मधमाशी जशी अनेक फुलांवरून थोडा थोडा मध गोळा करते, तसे अनेक घरांतून थोडे थोडे शिजलेले अन्न आणायचे, म्हणून माधुकरी. मुंज झालेल्या मुलाने सोवळे नेसावे, झोळी खांद्याला लावावी, दारात उभे राहून भिक्षेचा पुकारा करावा. कोठे भाताचा मूद, कोठे अर्धी पोळी, कोठे आमटीचा एक पळा. सगळे एकत्र झाल्यावर त्याची जी चव होई, तिच्याविषयी त्या पिढीच्या माणसांनी पुढे विनोदाने पुष्कळ लिहिले. विनोदाने लिहिणे सोपे गेले असेल, कारण तोवर पोट भरलेले होते.

६/ परंपरेने माधुकरीला ब्रह्मचाऱ्याचा धर्म मानले होते, त्यामुळे तिच्यात उघड लाज नव्हती. पण इंग्रजी शिकणाऱ्या, मिल आणि स्पेन्सर वाचणाऱ्या तरुणाला तीच झोळी जड होऊ लागली. सकाळी वर्गात व्यक्तिस्वातंत्र्यावर निबंध आणि दुपारी परक्याच्या दारात उभे राहणे! शिवाय वाराच्या घरी जेवणाबरोबर कामेही येत. विहिरीचे पाणी ओढणे, धाकट्यांचा अभ्यास घेणे, बाजारहाट, निरोप पोहोचवणे. काही घरी पान वाढणारी माउली सढळ हाताची असे. काही घरी ताकही मोजून मिळे. विद्यार्थी कोणत्या घरी पडला, यावर त्याचे वर्ष अवलंबून असे.

७/ गोपाळ कृष्ण गोखल्यांची हकीकत या सर्व व्यवस्थेच्या शेजारी ठेवून पाहा. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते गोपाळाला पाठवत. सात रुपयांत स्वतःचा संसार. १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गोखले पदवीधर झाले. त्या पदवीवर नाव एकाचे असले तरी ती दोघांची होती. (ते रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करीत, असेही सांगतात. आपल्याकडील चरित्रे वाचताना वाटते की त्या काळी प्रत्येक दिव्याच्या खांबाखाली एकेक थोर पुरुष बसलेला असावा. आठ रुपयांचा हिशेब मला त्या दिव्यापेक्षा अधिक बोलका वाटतो.)

८/ गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. ते डेक्कन कॉलेजात पोहोचले आणि तेथे त्यांना टिळक भेटले. टिळकांची परिस्थिती तुलनेने बरी होती. १८७३ साली कॉलेजात आल्यावर त्यांनी पहिले वर्ष तब्येत कमावण्यात घालवले. तालीम, पोहणे आणि भरपूर खाणे. अभ्यास मागे पडला तरी त्यांना त्याची फिकीर नव्हती. पहिले वर्ष असे ‘वाया’ घालवण्याची मुभा असणे हीसुद्धा एक मालमत्ताच. ज्याचे वार शिक्षकांच्या आणि यजमानांच्या मर्जीवर टांगलेले आहेत, त्याला नापास होणे परवडत नसे.

९/ येथवर जी नावे आली ती पुन्हा एकदा वाचा. सगळी एकाच वर्णाची आहेत. हा योगायोग नव्हे. वार आणि माधुकरी या संस्था ब्राह्मण घरांच्या होत्या आणि ब्राह्मण मुलांसाठीच होत्या. गरीब ब्राह्मण मुलगा खरोखरच गरीब असे, त्याच्या भुकेवर शंका घेण्याचे कारण नाही. पण परक्या शहरात त्याच्यासाठी शे-दोनशे दारे आधीपासून उघडी होती. कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या मुलाला तेवढ्याच भुकेत एकही दार नव्हते. महार-मांगांच्या मुलाला तर ओसरीवर चढण्याचीही सोय नव्हती. शिष्यवृत्तीच्या कोणत्याही यादीत न दिसणारी अशी ही शिष्यवृत्ती होती, आणि ती जातीने मिळे.

१०/ जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्याचा एक भाग याच दुखण्याला हात घालतो. शेतकऱ्याच्या करावर उच्च शिक्षण चालते आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांना होतो, हे त्यांनी रोखठोक मांडले. ज्या जातींत शिक्षण पोहोचलेले नाही, त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्यांचा काही वाटा राखावा, असेही त्यांनी सुचवले. पुण्यात गंगारामभाऊ म्हस्के यांच्या पुढाकाराने डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन उभी राहिली. जमखंडीहून १८९३ साली फर्ग्युसन कॉलेजात आलेले विठ्ठल रामजी शिंदे या संस्थेच्या साहाय्यावर शिकले. पण शिष्यवृत्ती हातात आली तरी खोली कोण देणार, हा प्रश्न उरतच होता.

११/ या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर कोल्हापुरात मिळाले. आधी एक अपयश आले, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून शाहू महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. नियम उदार होते, दार सर्वांना खुले होते. प्रत्यक्षात व्यवस्थापन ब्राह्मणांच्या हाती राहिले आणि इतर जातींची मुले तेथे जवळजवळ राहिलीच नाहीत. ‘सर्वांना खुले’ असे पाटीवर लिहिल्याने दार खुले होत नाही, हे महाराजांना त्या अनुभवाने कळले.

१२/ म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०७ साली वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांसाठी, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, भारतीय ख्रिस्ती, कायस्थ प्रभू, वैश्य, ढोर-चांभार, नाभिक अशी मालिकाच लागली. महाराजांच्या हयातीत, म्हणजे १९२२ पर्यंत, कोल्हापुरात वीसएक वसतिगृहे उभी राहिली. ‘वसतिगृहांची जननी’ ही कोल्हापूरची ओळख तेव्हापासूनची.

१३/ जातवार वसतिगृहे का? आज वाचताना हे खटकते, आणि तेव्हाही अनेकांना खटकले. पण त्या व्यवस्थेचे अंतरंग पाहावे. दरबार जागा देई, इमारतीला मदत करी, वार्षिक उत्पन्न तोडून देई. बाकीचा भार त्या त्या समाजाने उचलायचा. आपल्या जातीचे बोर्डिंग म्हटल्यावर सावकार, व्यापारी, वतनदार वर्गणी देत. ‘सर्वांच्या’ बोर्डिंगला देत नसत. दुसरी गोष्ट खेड्यातल्या आईबापांची. पोरगे शहरात जाऊन बाटेल, बिघडेल, उपाशी राहील, ही भीती खरी होती. तेथे आपल्यापैकी कोणी सुपरिंटेंडेंट आहे, आपल्या पद्धतीचे अन्न शिजते, म्हटल्यावर ते मुलाला पाठवायला तयार होत.

१४/ तिसरी गोष्ट राजकारणाची. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने महाराजांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. हा आदेश तुम्हाला ठाऊक असतो. बोर्डिंग त्याआधी वर्षभर सुरू झाले, याकडे फारसे लक्ष जात नाही. जागा राखून ठेवल्या तरी त्या भरायला शिकलेली माणसे लागतात. ती घडायला मुलगा शहरात चार-पाच वर्षे टिकावा लागतो. आणि टिकायला दोन वेळचे जेवण, एक दिवा, एक पाट आणि ‘अभ्यास झाला का रे?’ असे विचारणारा कोणी तरी लागतो. आरक्षण आणि बोर्डिंग या एकाच योजनेच्या दोन बाजू होत्या.

१५/ या व्यवस्थेच्या भिंती किती उंच होत्या, हे दाखवणारी घटना १९०८ सालची. जैन बोर्डिंगात भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा एक दांडगट विद्यार्थी राहत होता. अभ्यासात यथातथा, कुस्तीत पुढे. मिस क्लार्क ही मुंबईच्या गव्हर्नरांची कन्या. तिच्या नावाने निघालेल्या वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव जाऊन आले. परतल्यावर बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंटांनी बजावले की अस्पृश्यांमध्ये मिसळून आलास, आंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसायचे नाही. भाऊराव म्हणाले, आंघोळ करणार नाही. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. सुपरिंटेंडेंट होते अण्णासाहेब लठ्ठे. पुढे शाहू महाराजांचे चरित्र लिहिणारे, स्वतः सुधारणावादी म्हणून ओळखले जाणारे. म्हणजे हा सनातनी आणि सुधारक यांच्यातला झगडा नव्हता. चांगल्या हेतूने उभ्या केलेल्या संस्थेचा नियम आणि एका मुलाचा हट्ट, यांच्यातला होता.

१६/ आंघोळीच्या एका बादलीवरून बाहेर पडलेल्या त्या मुलाने पुढे काय केले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेने मुक्काम साताऱ्याला हलवला आणि तेथे बोर्डिंग सुरू झाले. त्यात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. ती स्वतः पाणी भरत, स्वयंपाकाला हात लावत, सारवत, शेतात राबत. कोल्हापूरच्या बोर्डिंगांनी पोटाचा प्रश्न सोडवला होता. भाऊरावांनी तो सोडवताना पंगतही बदलली.

१७/ पैसा कोठून येई? गावोगावी हिंडून धान्य जमवायचे, मूठ मूठ करून. तेही पुरेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, आणि एका अडचणीच्या वेळी मंगळसूत्रही गेले. जैन घराण्यातली, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेली ही बाई सर्व जातींच्या मुलांना जेवू घालत होती, त्यांची दुखणीखुपणी काढत होती. १९३० साली त्या गेल्या. मुले त्यांना ‘वहिनी’ म्हणत. संस्थेच्या इतिहासात त्यांच्या त्यागाचा उल्लेख नेहमी होतो, पण मंगळसूत्राच्या एका प्रसंगापुरताच बहुधा. त्या आधीच्या आणि नंतरच्या शेकडो दिवसांच्या भाकऱ्या कोणी मोजल्या नाहीत.

१८/ १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि या बोर्डिंगाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण त्यांच्या हस्ते झाले. येथेच वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. विद्यार्थ्याने श्रम करावेत आणि त्या श्रमांच्या मोबदल्यात राहावे, जेवावे, शिकावे. माधुकरीची झोळी येथे कुदळीने बदलली. कोणाच्या दारात उभे राहायचे नाही, हा त्यातला स्वाभिमानाचा भाग. दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडायचे, हा त्यातला कठीण भाग. दुसऱ्याची चर्चा कमी होते.

१९/ मुलींचे काय? त्यांना वार लावून जेवण्याची कल्पनाही कोणी केली नसती. मुलीने घर सोडून शिकायचे, तर वसतिगृह ही सोय नसून अटच होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तेथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे नाव गोदूबाई. त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, आणि त्याचे हिंगण्याचे बिऱ्हाड १९०० चे. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन आले. १९१६ साली हिंगण्यात महिला विद्यापीठ सुरू झाले. आधी राहण्याची जागा आणि मागून विद्यापीठ, असा हा उलटा क्रम. तो मुद्दाम लक्षात ठेवावा.

२०/ आणि आनंदीबाई जोशी. ४ जून १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. ओळखीचे कोणी नव्हते असे मात्र नाही. न्यू जर्सीतील रोसेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी एका नियतकालिकात या दांपत्याविषयी वाचले होते आणि पत्रव्यवहार सुरू केला होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. उन्हाळाभर त्यांच्या घरी राहून मग फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश. तेथे अधिष्ठाता रेचेल बॉडली यांचा आधार. एवढी माणसे मिळूनही खोलीने दगा दिला. शेगडीचा धूर खोलीत कोंडे, म्हणून थंडी सोसायची की धूर, एवढीच निवड उरे, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या; पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात क्षयाने गेल्या. त्या खोलीनेच त्यांचा जीव घेतला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण परदेशी विद्यार्थिनीच्या आयुष्यात शेगडीचे मोल काय, हे ती खोली सांगते.

२१/ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत आधाराचे आणि निराधाराचे दोन्ही धागे एकत्र येतात. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. प्रा. म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. म्हणजे एक लेखक, एक राजा आणि एक प्राध्यापक मिळून जे जमले, ते एखाद्या कोकणस्थ मुलाला सात घरांनी आपोआप दिले असते.

२२/ १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांच्या खोलीत नवल भथेना हे पारशी विद्यार्थी होते. वसतिगृहात खोली वाटून घेणे ही आपल्याला किरकोळ बाब वाटते. ज्याला शाळेत गोणपाटावर वेगळे बसवले होते, त्याच्यासाठी दुसऱ्या भारतीयाबरोबर एका खोलीत राहणे किरकोळ नव्हते. ही मैत्री जन्मभर टिकली. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला निघताना भथेनांनी उसने पैसे दिले, शाहू महाराजांनीही मदत केली.

२३/ म्हणूनच बाबासाहेबांच्या संस्थात्मक कामात वसतिगृह फार लवकर येते. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच जानेवारीत सोलापुरात तिचे वसतिगृह उघडले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, कारण नोकरी करून शिकणाऱ्या मुलाला दुपारच्या वर्गाचा उपयोग नव्हता. घड्याळाचे काटे विद्यार्थ्याच्या सोयीने लावणे ही आधाराचीच एक रीत, आणि तिला इमारत लागत नाही. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात झाली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. नागसेनवनाच्या परिसरात वर्ग आणि वसतिगृहे शेजारी शेजारी उभी राहिली, आणि मराठवाड्यातल्या दलित तरुणांच्या पहिल्या मोठ्या शिक्षित पिढ्या तेथून बाहेर पडल्या.

२४/ अन्न आणि खोली मिळाली तरी एक गोष्ट उरते, तिला त्या काळी फारसे नाव नव्हते. घरची आठवण. रात्री उशीत तोंड खुपसून रडणारा नवा मुलगा. या बाबतीत एका माणसाचा उल्लेख टाळता येत नाही. पांडुरंग सदाशिव साने स्वतः औंध आणि पुणे येथे दारिद्र्यात, इतरांच्या अन्नावर शिकले. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथील वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ही मुले शाळेची होती, महाविद्यालयाची नव्हेत. पण घर सोडल्याचे दुःख तेच.

२५/ साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, अंथरुणे नीट करत, आजाऱ्याचे कपडे धूत, रात्री उशाशी बसत. मुले शरमून आपली कामे आपण करू लागत. त्यांनी वसतिगृहात ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. पहाटे उठून स्वतः लिहायचे आणि मुलांनी वाचायला लावून ठेवायचे. त्यात देशोदेशीच्या बातम्या असत, थोरांच्या गोष्टी असत, वसतिगृहातल्या कानगोष्टीही असत. कोणाचे काय चुकले हे चारचौघांत न बोलता सांगण्याची ती युक्ती होती. १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत हे चालले. आज मोठ्या विद्यापीठांत समुपदेशक नेमतात, ते चांगलेच आहे. पण रोज पहाटे उठून ऐंशी-नव्वद मुलांसाठी हाताने वर्तमानपत्र लिहिणे हा काही कोणाच्या नेमणूकपत्रात बसणारा भाग नव्हे.

२६/ पुण्यातही माधुकरीची जागा हळूहळू संस्थांनी घेतली. १९०९ साली दादासाहेब केतकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनाथ विद्यार्थी गृह सुरू केले. ते आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखले जाते. आरंभी तेथील मुले माधुकरी मागत, पण संस्थेची म्हणून. एकट्याने दारोदार फिरणे आणि एका घरकुलाचा घटक म्हणून फिरणे यांत फार अंतर होते. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली. खेड्यातून महाविद्यालयात आलेल्या गरीब मुलामुलींची ती आजही राहण्या-जेवणाची सोय करते, आणि मुलांनी रोज काही काम करावे हा तिचा दंडक आहे. सात घरांचे वार, कोल्हापूरची बोर्डिंगे आणि साताऱ्याची कुदळ या तिन्हींचे अंश तेथे एकत्र दिसतात.

२७/ कोल्हापूरला गेलात तर दसरा चौकात जरा थांबा. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग यांच्या इमारती त्या परिसरात आजही उभ्या आहेत. त्यांच्या कोनशिलांवर देणगीदारांची नावे कोरलेली आढळतात, आणि ती कोरलेली असावीत हे योग्यच.

२८/ वाराच्या घरांना मात्र कोनशिला नव्हती. आठवड्यातून एकदा परक्या मुलाला पान वाढणाऱ्या, त्याचा ताप पाहून पेज करून देणाऱ्या, ‘उद्या परीक्षा ना रे, दही खाऊन जा’ म्हणणाऱ्या बायकांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. आत्मचरित्रांत त्या ‘अमक्यांच्या घरच्या मंडळी’ एवढ्याच उरल्या आहेत. तुमच्या घरात कोणी आजोबा वार लावून शिकलेले असतील, कोणी आजी बोर्डिंगात राहिलेल्या असतील, तर त्यांना त्या घरांची, त्या स्वयंपाकिणींची नावे विचारा आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा. कोणत्या गल्लीत, कोणत्या वारी, पानात काय असे, हेही.